रिकामा फ्लॅश

लग्न झाल्यावर मी ज्या कामाला लागले ते खोटं बोलण्याचं होतं. पगार नाही, रविवारची सुट्टी नाही, कारण दुकान नवऱ्याचंच. कोपरखैरण्यात माथाडींच्या बैठ्या घरांच्या रांगेच्या तोंडाशी आमचा दहा बाय बाराचा फोटो स्टुडिओ होता. आत काश्मीरचा पडदा, एक गोल स्टूल, आरसा आणि आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा. बांधलेला अशासाठी की आधीचे तीन कंगवे लोक खिशात घालून घेऊन गेले होते. बाहेर काउंटर आणि काउंटरमागे मी. नवरा लग्नांचे फोटो काढायचा. ज्यांचे फोटो त्यानं काढलेलेच नसायचे, त्यांना ते का आले नाहीत हे समजावून सांगण्याचं खातं माझ्याकडे होतं.

हे जरा उलगडून सांगायला हवं. तेव्हा एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघायचे, हात बसलेला असेल तर सदतीस. एक फोटो काढला की नवरा उजव्या अंगठ्यानं कॅमेऱ्यावरची पट्टी खर्रकन ओढायचा, म्हणजे आतला रोल एक घर पुढे सरकायचा. लग्न ठरवायला आलेले यजमान तीन रोलांच्या वर जायला तयार नसत. त्या तीन रोलांत हळद, मुहूर्त, सप्तपदी, विहिणींची पंगत, पाठवणी, सगळं बसवायचं. आणि मांडवात माणसं सहाशे. त्यातल्या पाचशे जणांना आपला एक फोटो निघालाच पाहिजे असं मनापासून वाटायचं. नाही म्हटलं की रुसवा. लग्नात रुसायला माणूस तसाही टपूनच बसलेला असतो, त्याला निमित्त फोटोवाल्यानं पुरवायचं म्हणजे पुढचं गिऱ्हाईक गेलं.

यावरचा उपाय नवऱ्याला त्याच्या उस्तादानं शिकवला होता आणि उस्तादाला त्याच्या उस्तादानं. फ्लॅशच्या पाठीला एक बारीक बटण असतं, तो नीट चालतो की नाही हे तपासायला. ते दाबलं की फ्लॅश एकटाच उडतो, कॅमेऱ्याला पत्ताही लागत नाही. रुसणाऱ्या मामांना उभं करायचं, ‘मामा, टोपी जरा सरळ’ म्हणायचं, ‘हां, हसा आता’ म्हणायचं, आणि ते बटण दाबायचं. लख्ख उजेड पडतो, मामा खूश होऊन पंगतीला जातात, रोल जागच्या जागी. याला आमच्या धंद्यात रिकामा फ्लॅश म्हणत.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चांगली भांडले.

“अहो, ही शुद्ध फसवणूक आहे.”

“फसवणूक कसली? लोकांना फोटो काढून घ्यायची हौस असते. फोटोची नसते. पंधरा दिवसांत विसरतात.”

“आणि नाही विसरले तर?”

“तर काउंटरवर तू आहेस की,” नवरा म्हणाला. “टेन्शन कशाला घेतेस?”

मी गिरगावातल्या चाळीत वाढलेली. नळावर भांडून मोठी झाले, त्यामुळे बोलण्यात मागे हटणं माहीत नव्हतं. खोटं बोलणं पाप आहे असं मी आठवडाभर म्हटलं आणि मग त्यात इतकी पारंगत झाले की नवराच थक्क व्हायचा. रोलच्या शेवटाला उजेड शिरला. लॅबमध्ये पाणी गेलं होतं. तुमच्याच पुढ्यातून एक बाई गेली हो, नुसता अंबाडा आलाय. नव्या मुंबईतले दिवे इतक्या वेळा जायचे की अर्धं खोटं वीज मंडळाच्या नावावर खपलं असतं, पण मी तसलं आयतं खोटं वापरत नसे. प्रत्येकाला त्याच्या मापाचं शिवून द्यायची. याचा मला अभिमान होता, हे आज लिहिताना कसंतरी होतं, पण होता.

हे माझं खोटं फक्त एका ठिकाणी लंगडं पडायचं. आमच्या मागच्या रांगेत एक काका-काकू राहत. साताऱ्याकडचे. काका वाशीच्या फळ मार्केटात माथाडी. तीस वर्षं त्यांनी पाठीवरून पेट्या वाहिल्या होत्या, आधी मुंबईच्या जुन्या बाजारात आणि बाजार इकडे हलल्यावर इथे. बोलायला कमी, पण बघायला पक्के. फळ मार्केटात भाव तोंडानं बोलत नाहीत, घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. काका एकदा काउंटरशी टेकून मला म्हणाले होते, “रुमाल बोटावर आसतू ताई, कोपरावर न्हाई. म्या कोपर बगून भाव सांगतू.” मला ते बढाई वाटली होती.

काकूंना एकच गोष्ट हवी होती. दोघांचा जोडीनं एक फोटो. लग्नातला फोटो नव्हता, कारण लग्न डोंगरातल्या गावात गॅसबत्तीच्या उजेडात झालेलं. काकांचा म्हणून एक फोटो होता तो माथाडी बोर्डाच्या कार्डावरचा, त्यात ते नुकतंच कुणीतरी दटावल्यासारखे दिसत. काकूंचा स्वतःचा तर कसलाच नव्हता.

मी म्हटलं, “मग स्टुडिओत या ना दोघं. पाच मिनिटांचं काम.”

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच लाजले. नवराबायकोनं ठरवून, पावडर लावून, पडद्यापुढे शेजारीशेजारी उभं राहायचं? तेही नातवंडं झाल्यावर? “आगं, रांगंतल्या बाया काय म्हंतील?” लग्नात मात्र चालायचं. लग्नात सगळेच उभे राहतात, तिथे चार माणसांत कोण कुणाकडे बघतो. रस्त्यानं जाताना काकू काकांच्या दहा पावलं मागून चालत. मांडवात तेवढ्या फोटोपुरत्या त्या पुढे येऊन शेजारी उभ्या राहायच्या.

म्हणून कोपरखैरण्यात गाववाल्यांचं लग्न असलं की आहेर झाल्यावर दोघं मांडवाच्या एका खांबाशी येऊन थांबत. काका म्हणायचे, “दादा, आमचा जोडीनं एक.” काकू डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. आणि नवरा, ज्याच्या हातात यजमानांची यादी असायची आणि यादीत या दोघांचं नाव कधीच नसायचं, तो हसून रिकामा फ्लॅश मारायचा.

असं पाच लग्नांत झालं. पाचही वेळा काकू पंधरा दिवसांनी काउंटरवर आल्या. “पोरी, आमचा आला का गं?” दर मे महिन्यात काका आमच्याकडे हापूसची अर्धी पेटी आणून ठेवायचे. ते आंबे खाऊन मी काकूंना सांगायची की फोटो बिघडला. तिसऱ्या वेळी माझी कारणं संपली म्हणून मी म्हटलं, “काकू, तुमचे डोळे मिटले होते. म्हणून लॅबवाल्यानं तो धुतलाच नाही.” काकूंनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. “माजंच मेलीचं चुकतंय. उजेड आला की डोळं मिटत्यात बग माजं.” त्यानंतरच्या लग्नात त्या डोळे इतके ताणून उभ्या राहिल्या की शेजारच्या बाईनं त्यांना बरं नाही का म्हणून विचारलं. तेव्हाही फ्लॅश रिकामाच होता.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवण गेलं. पण आमरस नको म्हटलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या हिवाळ्यात वाशीत एक लग्न होतं. सोसायटीत राहणारी नोकरदार मंडळी, हॉल एसी, पुरणपोळीबरोबर आइस्क्रीम. नवऱ्या मुलाचा थोरला भाऊ अमेरिकेहून आला होता आणि त्याच्या गळ्यात एक राखाडी, विटेएवढं धूड होतं. मी त्या दिवशी मदतीला गेले होते. मला वाटलं, रेडिओ असेल. तर तो कॅमेरा होता आणि त्यात रोल नव्हता. कुशीला एक फट होती, त्यात कॉम्प्युटरची चौकोनी फ्लॉपी सरकवायची. फोटो काढला की आतून कुणीतरी जात्यावर दळतंय असा घर्र घर्र आवाज काही सेकंद यायचा आणि मग मागच्या छोट्या काचेवर फोटो हजर. एका फ्लॉपीत वीसेक फोटो. अशा फ्लॉप्या त्याच्या आईनं पानसुपारीच्या पिशवीत सांभाळल्या होत्या.

दहा मिनिटांत हॉलमधल्या लग्नाचं लक्ष लग्नावरून उडालं. लोक फोटो काढून घ्यायचे आणि लगेच कॅमेऱ्याच्या पाठीकडे धावायचे. आपलाच चेहरा बघून कुणी खूश म्हणून नाही. “मी एवढी जाड नाहीये. परत काढ.” “माझा हात कापलास.” “हिला बाजूला करून काढ.” परत काढायला काही पडत नव्हतं, त्यामुळे सगळे परत काढत होते. अंतरपाट दूर झाला त्या क्षणाला नवरीच्या मामीचे डोळे मिटलेले निघाले, तेव्हा तिनं भटजींना विचारलं की अंतरपाट पुन्हा एकदा धरता येईल का. भटजी म्हणाले, मुहूर्त काय दुधाचा रतीब आहे का. आणि मग हळूच विचारलं, मघाच्या फोटोत त्यांचं उपरणं नीट दिसतंय ना. मधल्या गडबडीत एक फ्लॉपी आहेराच्या टेबलावर राहिली. तिथे वहीत लिहिणाऱ्या मावशींनी तिला कागदात गुंडाळून, ‘काळी डबी, एक, नाव सांगितलं नाही’ अशी नोंद करून आहेरात ठेवून दिली. त्या फ्लॉपीत सप्तपदी होती. ती दुसऱ्या दिवशी एका मिल्टनच्या डब्याखाली सापडली.

आमची मात्र पंचाईत झाली. नवऱ्यानं एका आत्याबाईंना सवयीप्रमाणे रिकामा फ्लॅश मारला आणि आत्याबाई सरळ त्याच्या पाठीमागे आल्या.

“दाखवा.”

“आत्या, हा रोलचा आहे. यात नाही दिसत.”

“त्याच्यात दिसतं, तुमच्यात का नाही? तुम्ही तर धंदा करता.”

काहीतरी करायचं म्हणून नवऱ्यानं कॅमेरा त्यांच्या डोळ्याला लावला. आत्याबाईंनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. आत अर्थातच समोरचा हॉल दिसत होता, आणि हॉलमध्ये त्यांचे यजमान बसले होते. “छान आलाय,” त्या समाधानानं म्हणाल्या. “आमचे हे जिलेबी खातायत. हलतायतसुद्धा.”

घरी येताना रिक्षात नवरा म्हणाला, “हे असलं यंत्र आलं तर आपलं संपलं.” मला वाटलं त्याला रोलची काळजी आहे. पण त्याला काळजी होती ती बटणाची. लगेच दिसायला लागल्यावर लोकांना हसवून परत पाठवायची सोयच उरणार नव्हती. मला मात्र, खरं सांगते, बरं वाटलं. माझी खोटं बोलण्याची नोकरी जाणार होती आणि मला ती जायला हवी होती.

पुढे मजा अशी झाली की तो थोरला भाऊ अमेरिकेला परत जाण्याआधी आमच्या स्टुडिओत आला आणि ते धूड काउंटरवर ठेवलं. तिकडे याच्याहून चांगला निघालाय म्हणे, याचं ओझं कोण नेणार, तुम्ही वापरून बघा. बरोबर दहा फ्लॉप्या आणि चार्जर. चार्जरच्या पिना चपट्या होत्या, त्या आमच्या भोकांत बसेनात. नवऱ्यानं दोन वायरी जोडून त्या आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये पक्क्या केल्या आणि मला सांगितलं, इकडे ओला हात नेऊ नकोस. अमेरिकेतली वस्तू आमच्या घरात काड्यांच्या आधारावर चालू लागली.

आधी त्याला शिव्या देणारा माणूस आठवड्याभरात त्याच्या नादी लागला. पंख्याचा फोटो काढला. कंगव्याचा काढला. मी भेंडी चिरताना काढला, आणि मी रागावल्यावर रागावलेलीचा काढला. रांगेतली पोरंबाळं, बाया, सगळे काचेत आपलं तोंड बघायला येऊन गेले. आले नाहीत ते फक्त काका-काकू. आंब्याचा हंगाम चालू झाला होता, काका पहाटे जायचे ते संध्याकाळी यायचे, आणि काकू एकट्या तसल्या गर्दीत येणाऱ्यातल्या नव्हत्या.

अडचण एवढीच की काचेत दिसलेला फोटो हातात कसा घ्यायचा हे कुणाला माहीत नव्हतं. आमच्याकडे कॉम्प्युटर कुठला. दोन गल्ल्या सोडून एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथे चपला बाहेर काढून आत जायचं. तिथल्या सरांनी आमची फ्लॉपी दोन बोटांत धरून विचारलं, हिला व्हायरस नाही ना. नवरा म्हणाला, नाही हो, घरात कुणीच आजारी नाही. शेवटी माझा भेंडीवाला फोटो रंगीत छापून निघाला. त्यात मी हिरवट होते, भेंडीपेक्षाही. नाकाचे चौकोन मोजता येत होते. नवरा म्हणाला, प्रकाश कमी पडला. हे वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकांना शंभर वेळा तरी सांगितलं होतं.

मेच्या मध्यावर काकू काउंटरवर आल्या, यावेळी कुठल्या लग्नाचा फोटो विचारायला नाही. काकांची नोकरी संपत होती. आंब्याचा हंगाम उरकला की खोली सोडून कायमचं गावी. “आता पुढल्या आयतवारी मैदानात लगीन हाय न्हवं, त्ये शेवटचं. त्यातला तेवढा नीट येऊ दे बाई. म्या डोळं उघडं ठेवते. उद्या आमी न्हाई ऱ्हायलो तर पोरानं भितीवर काय लावायचं? बापाचं कारड?”

त्या गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, “रविवारी त्यांचा खरा काढायचा.”

“यादीत बासष्ट नावं आहेत. दोन रोल दिलेत फक्त.”

“माझं नाव आहे का यादीत? मग मी येत नाही. काउंटरवरही येत नाही. सगळ्यांना तुम्हीच सांगा कुणाचा अंबाडा मध्ये आला ते.”

या धमकीचा परिणाम झाला. बऱ्याच घासाघिशीनंतर असं ठरलं की यादी रोलवर आणि काका-काकू फ्लॉपीवर. “तो तर फुकटच आहे,” नवरा म्हणाला. मला हिरवट नाक आठवलं, पण काहीच नसण्यापेक्षा हिरवं बरं.

रविवारी मैदानात मांडव तापला होता. ताशा, स्पीकर, लाडूचा वास. आहेर झाल्यावर दोघं नेहमीच्या खांबाशी आली. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, काकूंनी ठेवणीतलं लुगडं.

“दादा, आमचा जोडीनं एक,” काका म्हणाले.

नवऱ्यानं रोलचा कॅमेरा गळ्यात मागे सारला आणि ते राखाडी धूड पुढे घेतलं. काकू पुढे झाल्या, शेजारी उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, डोळे ताणले. नवऱ्यानं बटण दाबलं. फ्लॅश उडाला.

“झालं? बरं,” म्हणून काका निघाले.

मी धावत पुढे गेले. “काका, थांबा, लगेच दिसतं यात. बघा तर.”

काका थांबले. काकूंना कुणी ओळखीची बाई भेटली होती, त्या चार पावलांवर बोलत होत्या. काकांनी आवाज खाली घेतला.

“ऱ्हाऊ द्या ताई. कशाला त्रास. आंगठा कुटं हालला.”

मला कळेना. “अंगठा?”

“दादा खरा फोटू काडत्यात तवा मागनं आंगठ्यानं ती पट्टी वडत्यात. नवऱ्या-नवरीच्या येळंला वडत्यात. पाटलांच्या येळंला वडत्यात. आमच्या येळंला आंगठा हालत न्हाई. पयल्या लग्नापास्नं बगतूय म्या.”

ते रागानं बोलत नव्हते. मार्केटात आज आवक कमी आहे असं सांगावं तसं सांगत होते. पाच लग्नं, पाच वेळा माझं काउंटरवरचं शिवणकाम, आणि हा माणूस अर्धी पेटी आंबे घेऊन येत होता. मला मैदानात कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. नवरा शेजारीच उभा होता, त्यानंही ऐकलं. ताशाकडे बघत राहिला.

“मग काका,” मी कसंबसं विचारलं, “माहीत होतं तर दर वेळी उभे कशाला राहायचात?”

काका काकूंच्या पाठीकडे बघत म्हणाले, “ती येऊन हुबी ऱ्हाती न्हवं शेजारी.”

तेवढ्यात कॅमेऱ्याचं दळण संपलं आणि काचेवर फोटो आला. मी कॅमेरा नवऱ्याच्या गळ्यातूनच ओढून काकांपुढे धरला, इतका जोरात की नवरा वाकला. “याला पट्टीच नाही, काका. अंगठा लागतच नाही. हा खरा आहे. बघा.”

काकांनी दोन्ही हातांनी काचेवर सावली केली आणि वाकून बघितलं. खांब होता, झालर होती, इस्त्रीचा सदरा होता. त्यांनी बोट पुढे केलं, पण काचेला लावलं नाही.

“काय आलंय?” म्हणत काकू आल्या आणि आमच्या मधून डोकं घातलं. त्यांनी आधी स्वतःला शोधलं आणि मग हळहळल्या. फोटोत त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. इतका वेळ ताणून धरलेले, नेमके तेव्हाच मिटले.

“बगा,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून माझा हात धरला. “पोरी, तू म्हनाली हुतीस त्ये खरंच निगालं की. मला वाटायचं, तू आपली माजी समजूत काडतीयास.”

कोपरखैरण्यात येऊन सात वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच माझं एक खोटं आपोआप खरं ठरलं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या एका वाक्यात माझं सगळं बाहेर आलं असतं.

“व्हय,” काका म्हणाले. “तुज्या डोळ्यांपायीच ऱ्हायलं समदं. दादा, पुन्यांदा काडा.”

नवऱ्यानं पुन्हा काढला. परत डोळे मिटलेले. तिसऱ्यांदा काढला, काकू हसल्या आणि डोळे गेले. दर वेळी दळण संपेपर्यंत दोघं खांबाशी तशीच थांबायची, आणि काकू आता पदर सारखा करायचं विसरल्या होत्या. फ्लॉपी भरत आली. पंगत बसायला लागली, यजमानांचा माणूस दोनदा बोलावून गेला. मला वाटलं, नवरा आता फ्लॅशचं बटण दाबून मोकळा होईल. सवय वाईट असते.

त्यानं फ्लॉपीचा कॅमेरा माझ्या हातात दिला आणि रोलचा पुढे घेतला. दुसऱ्या रोलमध्ये शेवटचे चार उरले होते, पाठवणीसाठी राखलेले. त्यानं खटका दाबला. मग हात चांगला छातीपुढे धरून, काकांना दिसेल असा, अंगठ्यानं पट्टी खर्रकन ओढली. काका गालातल्या गालात हसले. नवऱ्यानं आणखी एक काढला आणि पुन्हा ओढली. त्या लग्नात पाठवणीचे फोटो दोनच निघाले. यजमान आजही नावं ठेवत असतील.

पंधरा दिवसांनी मी ते दोन्ही फोटो स्वतः मागच्या रांगेत नेऊन दिले. सामान बांधून झालं होतं, ट्रंकेवर काकू बसल्या होत्या. पहिला गंभीर आला होता. दुसरा त्यांनी जवळ धरला, लांब धरला, आणि पदरानं पुसला. त्यात काकूंचे डोळे टक्क उघडे आहेत. काका मात्र कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत, थोडं बाजूला, नवऱ्याच्या अंगठ्याकडे बघून हसतायत.

“ह्ये कुटं बगाया लागलं हुतं?” काकूंनी मला विचारलं.

मी खोटं बोलले. शेवटचं. म्हटलं, “तुमच्याकडेच.”